पहिल्या पिक्सेलपर्यंतची वायर : लांबच्या डेटा-लाइनमधला बिघाड कसा शोधायचा

गणेश चतुर्थीला तीन दिवस उरले होते. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या चौकात मंडपाची कमान उभी राहिली होती आणि कमानीवर १५० पिक्सेलची, म्हणजे प्रत्येकी हवा तो रंग दाखवणाऱ्या १५० एलईडींची, डब्ल्यूएस२८१२बी जातीची पट्टी चढली होती. पट्टीला लागणारा ५ व्होल्टचा पुरवठा देणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कमानीच्या मागे बंद पेटीत ठेवला होता. पट्टीला रंगांचा डेटा पाठवणारा छोटा कंट्रोलर, ईएसपी३२, मात्र पहिल्या मजल्यावर आमच्या खोलीत होता, कारण पाऊस. तिथून गॅलरीच्या कठड्याला बांधत, जिन्याच्या खांबावरून खाली आणत १८ मीटर केबल टाकली होती.

खोलीत टेबलावर आठवडाभर हीच पट्टी बिनतक्रार चालली होती. कमानीवर मात्र पहिला पिक्सेल हिरवा होऊन अडकला, बाकीचे मनाला येईल तो रंग दाखवू लागले, मधूनच सगळ्या कमानीवर पांढरा झटका यायचा. खाली खुर्ची टाकून बसलेले अण्णा म्हणाले, "अरे, काल घरात तर मस्त लागत होतं ना? मग बदललं काय?"

प्रश्न अगदी नेमका होता. बदलली होती फक्त वायर. टेबलावर ती वीतभर होती. तरीही मी दीड रात्र कोडमध्ये शोधत बसलो, मग पट्टी बदलली, मग दुसरा ईएसपी३२ लावला. ती दीड रात्र तुमची वाचावी म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. कमान असो, घरचं मखर असो की सोसायटीच्या गेटवरचं तोरण असो, कंट्रोलर आणि पहिला पिक्सेल यांच्यात दोन-तीन मीटरहून जास्त अंतर पडलं की हेच प्रश्न येतात.

आधी थोडं समजून घेऊ

या पिक्सेलना डेटाची एकच वायर असते. बिटांचा ठेका देणारी वेगळी क्लॉकची वायर नसते, त्यामुळे शून्य आणि एक यांतला फरक केवळ वेळेवरून कळतो. प्रत्येक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा. त्यात लाइन सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. एका पिक्सेलला २४ बिट लागतात, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. पहिला पिक्सेल आपले २४ बिट ठेवून घेतो आणि पुढचे नव्याने घडवून, स्वच्छ कडांसह पुढे पाठवतो.

या शेवटच्या वाक्यात निदानाची अर्धी किल्ली आहे. प्रत्येक पिक्सेल सिग्नल ताजा करून देतो, म्हणून पट्टी १० मीटर लांब असली तरी डेटाला त्याचं ओझं नसतं. खरा लांबचा आणि एकट्याचा प्रवास असतो तो कंट्रोलरपासून पहिल्या पिक्सेलपर्यंतचा. तिथे एक बिट जरी गळला किंवा जास्तीचा वाचला गेला तरी त्यापुढच्या सगळ्यांचे रंग बिघडतात. म्हणून संपूर्ण कमान वेडी झाल्यासारखी दिसते आणि आपण संपूर्ण कमानीवर संशय घेतो.

दुसरी गोष्ट ही की डेटा एकटा जात नाही. डेटाच्या वायरीतून जेवढा करंट जातो तेवढाच ग्राउंडच्या वायरीतून परत येतो. लांबच्या अंतरावर ग्राउंड हा डेटाचा जोडीदार समजायचा आणि दोघांना एकमेकांना बिलगून न्यायचं. माझ्या पाहण्यात आलेले निम्म्याहून जास्त बिघाड ही जोडी कुठेतरी फुटल्याचे होते.

पायरी पहिली : वायर वगळा

कोडला हात लावण्याआधी हे करा. ईएसपी३२ पॉवर बँकवर लावा, खाली मंडपात न्या आणि १५ सेंटीमीटरच्या वायरीने थेट पहिल्या पिक्सेलला जोडा. आधी ग्राउंड, मग डेटा.

पट्टी नीट चालली तर कोड, ईएसपी३२, पट्टी आणि एसएमपीएस चौघेही सुटले. दोष लांबच्या वायरीत. तरीही बिघडलीच, तर लांब वायरीचा काही संबंध नाही आणि पुढचं बरंचसं तुम्हाला आज लागणार नाही. मग पट्टीवरचा बाण पाहा. बाणाची शेपटी कंट्रोलरकडे हवी. घाईत, शिडीवर उभं राहून पट्टी उलटी चिकटवलेली मी दोनदा पाहिली आहे. लाल-हिरवा अदलाबदल झालेला दिसत असेल तर तोही वायरीचा दोष नाही. डब्ल्यूएस२८१२बी आधी हिरव्याचे बिट मागतो, म्हणून कोडमधला रंगक्रम बदला.

या एका चाचणीला दहा मिनिटं लागतात. मी ती दीड रात्रीनंतर केली.

पायरी दुसरी : लक्षण नीट बघा

नुसतं "फ्लिकर होतंय" म्हणून भागत नाही. दोन ठरावीक चित्रं पाठवा. पहिलं : फक्त सुरुवातीचे १० पिक्सेल, मंद निळे, स्थिर. दुसरं : सगळी पट्टी पूर्ण पांढरी. दुसरं चित्र मिनिटभराहून जास्त ठेवू नका. पूर्ण पांढऱ्यात एक पिक्सेल ६० मिलिअँपियरपर्यंत खातो, म्हणजे १५० पिक्सेलचे ९ अँपियर होतात.

मंद निळ्यातच लुकलुक दिसत असेल तर डेटाचा सिग्नल कमकुवत आहे. मंद निळा दगडासारखा स्थिर आणि पांढऱ्यात मात्र झटके, तर पॉवर किंवा ग्राउंड. पट्टीची सुरुवात पांढरी आणि शेवट पिवळट-लालसर होत जातो, तर तिथे व्होल्टेज पोचत नाही. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि लालला २, म्हणून व्होल्टेज खचलं की आधी निळा मरतो आणि लाल टिकतो. यावर उपाय पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही ५ व्होल्ट आणि ग्राउंड पोचवण्याचा, डेटाशी त्याचा संबंध नाही.

सदतिसाव्या पिक्सेलपर्यंत सगळं छान आणि पुढे अंधार, असं असेल तर सदतिसावा किंवा अडतिसावा गेला आहे किंवा त्यांच्यामधलं सोल्डर तुटलं आहे. हा बिघाड दिसायला भयंकर, पण शोधायला सर्वांत सोपा.

वायरीला हात लावला की चालतं, सोडलं की बिघडतं? ग्राउंड सुटला आहे, किंवा एखादं टोक नुसतं टेकलेलं आहे. शेजारच्या खोलीत मिक्सर लागला की झटका येतो? केबल विजेच्या वायरींना खेटून गेली आहे.

पायरी तिसरी : ग्राउंड मोजा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक कंट्रोलरच्या ग्राउंडला, दुसरं पहिल्या पिक्सेलच्या ग्राउंडला. पण कंट्रोलर वर आणि पिक्सेल खाली, मीटरची वायर पुरणार कशी? नेटवर्कच्या केबलमध्ये चार जोड्या असतात. त्यातली एक रिकामी वायर मीटरची लांब तार म्हणून वापरा. डिजिटल मीटरचा स्वतःचा अवरोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे त्या वायरीच्या ओहम-दोन ओहमने मापात काही फरक पडत नाही.

आता पट्टी पूर्ण पांढरी करा आणि आकडा वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ०.३ च्या वर गेला तर आधी हेच दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर.

हा आकडा येतो कुठून ते पाहू. समजा एसएमपीएसही वर खोलीतच ठेवला आणि १० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने पट्टीला ५ अँपियर दिले. अशा मऊ तांब्याच्या वायरीचा अवरोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम, म्हणजे १० मीटरला ०.१३३ ओहम. पाच अँपियरने ग्राउंडच्या वायरीवर ०.६६ व्होल्ट पडतात. पट्टीचा ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडपेक्षा तेवढा वर उचलला जातो. ईएसपी३२ ने पाठवलेले ३.३ व्होल्ट पिक्सेलला २.६४ दिसतात. त्याच वेळी ५ व्होल्टच्या वायरीवरही तेवढीच घट होते, म्हणून पिक्सेलचा 'एक' ओळखायचा उंबरठाही खाली येतो. दोघांची शर्यत लागते आणि चित्र बदललं की निकाल बदलतो. "कधी चालतं, कधी नाही" याचं हे अगदी सरळ कारण आहे.

त्यातून लोक ५ व्होल्टची लाल वायर दुहेरी करतात आणि ग्राउंडची काळी एकेरीच ठेवतात. तसं करू नका. जेवढं तांबं जाण्यासाठी, तेवढंच परत येण्यासाठी.

माझं मत स्पष्ट आहे : ५ व्होल्ट लांब न्यायचेच नाहीत. एसएमपीएस पट्टीजवळ ठेवा आणि २३० व्होल्टची नीट, तीन तारांची केबल तिथपर्यंत न्या. डेटाच्या केबलमधून मग फक्त डेटा आणि त्याचा ग्राउंड जातो. एलईडीचा करंट त्या ग्राउंडमधून अजिबात जात नाही.

पायरी चौथी : व्होल्टेजचा उंबरठा

डब्ल्यूएस२८१२बी च्या डेटाशीटनुसार 'एक' समजण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टवर तो आकडा ३.५. ईएसपी३२ देतो ३.३. म्हणजे टेबलावर जे चाललं ते चिपच्या उदारपणावर चाललं. लांब वायरीने त्यातली सवलत संपवली.

इथे एक गंमतशीर वाटणारा पण खरा प्रकार होतो. शेवटचे पिक्सेल लालसर दिसतात म्हणून कुणीतरी एसएमपीएसचा छोटा स्क्रू फिरवून ५.३ व्होल्ट करतं. उंबरठा लगेच ३.७ होतो आणि कालपर्यंत चालणारा डेटा आज बंद पडतो. "नवा एसएमपीएस लावल्यापासून बिघडलं" या तक्रारीतही पुष्कळदा हेच असतं. जुना दमलेला होता, ४.७ देत होता, आणि त्यामुळेच डेटा चालत होता.

योग्य उपाय म्हणजे ७४एएचसीटी१२५, ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टचा करून देणारी चिप. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं तिथे, हा मागताना 'एचसीटी' या तीन अक्षरांवर जोर द्या. नुसता ७४एचसी१२५ दिला तर परत करा. ५ व्होल्टवर त्याचाही उंबरठा ३.५ असतो आणि तुम्ही होता तिथेच राहता. एचसीटी जातीच्या चिपला २ व्होल्ट पुरतात आणि बाहेर पूर्ण ५ येतात. चिपला ५ व्होल्टचा पुरवठा, पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वापरातल्या गेटची एनेबल पिन ग्राउंडला, न वापरलेले इनपुटही ग्राउंडला. चिप कंट्रोलरच्या बाजूला बसवायची, म्हणजे वायरीत ५ व्होल्टचा दमदार सिग्नल शिरतो.

तयार मिळणारा चार चॅनेलचा निळा-लाल लेव्हल शिफ्टर, ज्यात छोटे मॉसफेट आणि १० किलोओहमचे रेझिस्टर असतात, तो इथे नको. सेन्सरसाठी तो चांगला आहे. पण त्यात लाइन वर चढवण्याचं काम १० किलोओहमवर सोडलेलं असतं. १८ मीटर केबलची धारिता (कपॅसिटन्स) साधारण ९०० पिकोफॅरड. दोघांच्या गुणाकारावरून लाइन चढायला किती वेळ लागेल ते कळतं. तो येतो ९ मायक्रोसेकंद, आणि आपला अख्खा बिट १.२५ चा.

आज रात्रीच काम उरकायचंय आणि चिप हाताशी नाही? मग सुटा एक पिक्सेल कंट्रोलरजवळ बसवा आणि त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा एका १एन४००७ डायोडमधून द्या. डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, पिक्सेलला ४.३ मिळतात, त्याचा उंबरठा ३.० होतो आणि ईएसपी३२ चे ३.३ त्याला पुरतात. तो पुढे ४.३ व्होल्टचा ताजा सिग्नल देतो. कोडमध्ये हा पहिला पिक्सेल वगळा. ईएसपी३२ वर चालणारं डब्ल्यूएलईडी हे तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे सुरुवातीचे पिक्सेल सोडायची सोय आहे. मी ही युक्ती एका घरगुती मखरासाठी केली होती आणि पाच दिवस ती व्यवस्थित चालली.

पायरी पाचवी : केबल, तिच्या जोड्या आणि तो रेझिस्टर

नेटवर्कची कॅट५ई केबल या कामाला उत्तम, पण एका अटीवर. डेटा नारिंगीवर दिला तर ग्राउंड पांढऱ्या-नारिंगीवरच हवा. या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन बांधलेल्या असतात आणि त्या पिळामुळेच बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो. मी पहिल्या दिवशी डेटा नारिंगीवर आणि ग्राउंड तपकिरीवर दिला होता, का तर तपकिरी ग्राउंडसारखा वाटला. रंग आठवणीत राहिला आणि जोडी फुटली.

केबल विकत घेताना टोक नखाने किंवा ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. असली केबल स्वस्त पडते, पण अवरोध जास्त, सोल्डर धरत नाही आणि दोन-चार वेळा वाकवली की आतल्या आत तुटते. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मागताना 'पूर्ण तांबं' असं सांगून मागा आणि दुकानातच खरवडून बघा. चांगला दुकानदार रागावत नाही.

आता रेझिस्टर. सगळीकडे एकच सल्ला सापडतो : डेटा लाइनमध्ये ३३० किंवा ४७० ओहम घाला. वीतभर वायरीसाठी तो बरोबर आहे. १८ मीटरला तोच सल्ला घात करतो. ४७० ओहम गुणिले ९०० पिकोफॅरड म्हणजे सुमारे ४२० नॅनोसेकंद. शून्याचा पल्स ४०० नॅनोसेकंदांचा. एवढ्या वेळात ३.३ व्होल्टची लाइन जेमतेम २ व्होल्टपर्यंत चढते आणि परत उतरायला लागते. पिक्सेलला तो पल्स दिसतच नाही. माझ्या कमानीवरच्या गोंधळाचं सर्वांत मोठं कारण हेच निघालं.

मग रेझिस्टर काढूनच टाकावा का? तेही नको. सिग्नलला केबलमधून जायला मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात. १८ मीटर जाऊन, टोकावर आपटून परत यायला १८० नॅनोसेकंद. चाळीच्या जिन्यात तळमजल्यावरून हाक मारली की आवाज वरून परत येतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो, तसं हे. ऐकणाऱ्याला एक हाक की दोन हे कळेनासं होतं. केबलचा स्वभाव-अवरोध, म्हणजे धावत्या सिग्नलला ती दाखवते तो अवरोध, १०० ओहमच्या आसपास असतो. पाठवणाऱ्या टोकाचा एकूण अवरोध त्याच्याजवळ आणला की परतलेला पडसाद तिथे विरून जातो. ७४एएचसीटी१२५ च्या आउटपुटला स्वतःचे काही ओहम असतातच, म्हणून पुढे ६८ किंवा ८२ ओहम घाला, आणि तो चिपच्या अगदी पायाशी. पिक्सेलच्या टोकाला घातलेला रेझिस्टर हे काम करत नाही.

केबल विजेच्या वायरींपासून फूटभर तरी लांब न्या. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. चाळीच्या गॅलरीत हे कठीण असतं, कारण तिथे मीटरपासूनच्या जुन्या वायरी, केबल टीव्ही, इंटरनेट आणि दोरीवरचे कपडे सगळे एकाच कठड्यावर असतात. आम्ही शेवटी डेटाची केबल कठड्याच्या बाहेरच्या अंगाने नेली.

इथपर्यंतच्या दुरुस्तीनंतर, म्हणजे ७४एएचसीटी१२५, ८२ ओहम आणि बरोबर जोडी, आमची कमान बऱ्यापैकी शांत झाली. दिवसभर एकही झटका नाही. संध्याकाळी लाउडस्पीकर आणि हॅलोजन लागले की मात्र तासाला एक-दोन झटके यायचे. आरतीच्या वेळी ते मला चालण्यासारखे नव्हते.

पायरी सहावी : आरएस-४८५

दहा मीटरच्या पुढे, विशेषतः आजूबाजूला विजेचा गोंगाट असेल तर, मी आता सरळ आरएस-४८५ वापरतो. नाटकाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या लाइट्सचं डीएमएक्स५१२ याच पद्धतीवर चालतं. एका तारेवर सिग्नल, दुसरीवर त्याचा उलटा; घेणारी चिप फक्त दोघांतला फरक वाचते. गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो.

मॅक्स४८५ या आरएस-४८५ च्या चिपची दोन छोटी मॉड्युल्स लागतात. वरच्या मॉड्युलला ५ व्होल्ट द्या, ईएसपी३२ ची डेटा पिन डीआय वर जोडा (याला २ व्होल्ट पुरतात, म्हणून इथे लेव्हल शिफ्टर लागत नाही), आणि डीई, आरई या दोन्ही पिना ५ व्होल्टला बांधा. आता ते फक्त बोलतं. खालच्या मॉड्युलला पट्टीच्या एसएमपीएसचे ५ व्होल्ट द्या, डीई आणि आरई दोन्ही ग्राउंडला बांधा. ते फक्त ऐकतं. त्याच्या आरओ पिनवरून १०० ओहमच्या रेझिस्टरमधून पहिल्या पिक्सेलला. ही वायर ३० सेंटीमीटरच्या आत ठेवा. ए आणि बी एकाच पिळाच्या जोडीवर, ग्राउंड दुसऱ्या जोडीवर. हो, इथेही ग्राउंड लागतो. फरक वाचणाऱ्या चिपलाही मर्यादा असते. दोन्ही टोकांच्या ग्राउंडमध्ये फार अंतर पडलं तर ती वाचणं सोडते.

ऐकणाऱ्या टोकाला ए आणि बी यांच्यामध्ये १२० ओहम हवा. बहुतेक तयार मॉड्युल्सवर तो आधीच बसवलेला असतो. पॉवर बंद असताना, केबल काढून ए-बी मध्ये मीटर लावा. १२० च्या आसपास दिसलं की आहे असं समजा. दोन्ही मॉड्युल्सवर असेल तरी चालतं.

सगळं जोडून पट्टी मेलेली किंवा भलतीच वागते, तर आधी ए आणि बी अदलाबदल करा. उलटे जोडले की सिग्नलच उलटा होतो. हे करून काही जळत नाही.

चिपवरचं नाव भिंगाने वाचा. मॅक्स४८५ २.५ मेगाबिट प्रतिसेकंदापर्यंत चालतो, आणि आपला ४०० नॅनोसेकंदांचा पल्स बरोबर त्या सीमेवर येतो. आमच्याकडे तो चालतो आहे. मॅक्स४८७ दिसायला हुबेहूब, पण २५० किलोबिटला बांधलेला. डीएमएक्सला तो चालतो, पिक्सेलला अजिबात नाही. जास्त वेगाचा मॅक्स३४८५ मिळाला तर तो ३.३ व्होल्टचा असतो, त्यामुळे ऐकणाऱ्या टोकाला वापरलात तर त्याच्या पुढे ७४एएचसीटी१२५ लावावा लागतो.

मोजायला काय वापरावं

ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, मिळाला तर सोनं. पहिल्या पिक्सेलच्या डेटा पिनवर, त्याच्याच ग्राउंडला क्लिप लावून पाहा : कडा सरळ आहेत का, वरचा टप्पा ४ व्होल्टच्या पुढे जातो का, कडेनंतर लाटा उठतात का. स्कोप नसेल तर २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात या पिक्सेलचा डिकोडर आहे आणि पाठवलेला रंग अक्षरशः वाचून दाखवतो. मात्र तो व्होल्टेज दाखवत नाही. त्याला 'एक' वाटलेला पल्स पिक्सेलला वाटेलच असं नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, नाहीतर चार्जरमधूनच नवा ग्राउंडचा रस्ता तयार होतो आणि मोजताना बिघाड गायब होतो.

पाऊस, अर्थिंग आणि जोडण्याचा क्रम

मुंबईत गणपती पावसातच येतात. हवेत खारटपणा, त्यात ओल. ब्रेडबोर्डच्या सुट्या जंपर वायरी मंडपात नेऊच नका. चार दिवसांत त्यांची टोकं काळी पडतात. सोल्डर करा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं आणि पेटीत जात नाही. पेटीची भोकं खालच्या बाजूला.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. मंडपाच्या सप्लायला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असू द्या आणि २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. जुन्या चाळीत तीन भोकांचं सॉकेट असलं तरी मागे अर्थिंगची तार असेलच असं नाही, तपासून घ्या. एसएमपीएसचं अर्थिंगचं टर्मिनल मोकळं राहिलं तर आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे त्याचं आउटपुट जमिनीच्या तुलनेत शंभरेक व्होल्टवर तरंगू शकतं. करंट नगण्य असतो, बोटाला मुंग्या येतात एवढाच. पण दोन वेगवेगळ्या पुरवठ्यांवरची टोकं चालू स्थितीत जोडताना पहिला स्पर्श डेटाचा झाला, तर तो सगळा फरक पहिल्या पिक्सेलच्या डेटा पिनवर येतो आणि पिक्सेल जातो. पहिला पिक्सेल वारंवार मरत असेल तर पट्टीच्या दर्जाला दोष देण्याआधी हा क्रम तपासा : सगळं बंद करून जोडा, आधी ग्राउंड, मग डेटा, मग पट्टीची पॉवर, शेवटी कंट्रोलर.

कंट्रोलरच खाली आणला तर?

पुढच्या वर्षी आम्ही तेच केलं. ईएसपी३२ झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत घालून कमानीमागे ठेवला, डेटाची वायर २० सेंटीमीटर, मध्ये ७४एएचसीटी१२५ आणि ३३० ओहम. इतक्या कमी अंतराला ३३० बरोबर असतो. डब्ल्यूएलईडी मध्ये रंगांचे संच कंट्रोलरमध्येच साठवता येतात आणि चालू होताच कोणता लावायचा तेही ठरवता येतं, म्हणून आरतीच्या गर्दीत शेकडो फोनमुळे वायफाय अडखळलं तरी कमान चालू राहते. जिथे कंट्रोलर कोरडा आणि सुरक्षित ठेवता येतो तिथे हाच मार्ग घ्या. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कंदिलांना मात्र अजूनही १८ मीटरचीच केबल आहे, आरएस-४८५ वर. तिथे पत्र्याखाली इलेक्ट्रॉनिक्स ठेवायची सोय नाही.

केबलच्या दोन्ही टोकांना कापडी चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवा : कोणता रंग ए, कोणता बी, कोणता ग्राउंड, रेझिस्टर किती ओहमचा. अनंत चतुर्दशीला मूर्ती निघाली की मंडप तासाभरात उतरतो आणि तेव्हा हात वायरींवर पडतात ते मांडववाल्यांचे. त्यांना आधीच दाखवून द्या की पॉवर बंद झाल्याशिवाय काही ओढायचं नाही, आणि सोडवताना डेटाचा प्लग पहिला, ग्राउंडचा शेवटी. केबल गुंडाळण्याआधी पुसून, दिवसभर पंख्याखाली सुकवा आणि टोकं कोरड्या डब्यात बंद करा.